पाचवे शील हळू आवाजात का? वर्धा जिल्ह्यातील गृहस्थांचा धम्म

विहारात त्रिसरण-पंचशील घेताना लक्ष देऊन ऐकले तर एक गोष्ट कानाला जाणवते. पहिली चार शीले सगळे मोठ्या आवाजात म्हणतात. पाचव्याला पुरुषांच्या बाजूचा आवाज खाली जातो. आमच्या विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासिकेने हे सर्वांत आधी ओळखले. वंदना संपल्यावर ती हसत म्हणाली, "चार शीलं तोंडानं म्हनता बाप्पा, पाचवं आलं का घशातच अडकून रायते." सगळे हसले. हसणाऱ्यांत आम्ही होतो आणि आवाज खाली गेलेल्यांतही आमच्यातले काही जण होते.

हे विहार वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूच्या एका गावात आहे. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून ती लागू झाली. दीक्षाभूमी इथून दोन तासांच्याही आत आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेले होते. तिथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. म्हणजे कायदा एकदा सांगतो, प्रतिज्ञा दुसऱ्यांदा सांगते आणि शील दर पौर्णिमेला सांगते. तरी आवाज खाली जातो. तो का जातो, हे शोधताना आम्ही दारूपाशी थांबू शकलो नाही. घरचा हिशोब, कर्ज, मजुरी, शेतातले विष या सगळ्यांतून जावे लागले. धम्माची मूळ शिकवण रोजच्या जगण्यात उतरवायची म्हणजे नेमके काय करायचे, असे तरुण कार्यकर्ते वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी आम्ही वाचलेले, करून पाहिलेले आणि चुकलेले इथे लिहीत आहोत.

गृहस्थाला तथागतांनी काय सांगितले

आपल्या प्रशिक्षण शिबिरांत चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमिता पाठ करून घेतल्या जातात. परीक्षा घेतली तर बहुतेकांना पूर्ण गुण मिळतील. पण संसार करणाऱ्या माणसाला तथागतांनी वेगळे, अगदी व्यवहारातले असे बरेच सांगितले आहे. ते मात्र शिबिरात क्वचितच येते.

अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे आहेत. पहिले अत्थिसुख, म्हणजे कष्टाने आणि न्यायाने मिळवलेले आपल्याजवळ असण्याचे सुख. दुसरे भोगसुख, म्हणजे ते वापरण्याचे आणि त्यातून दान देण्याचे सुख. तिसरे अनणसुख, म्हणजे कोणाचे थोडे किंवा फार देणे नसण्याचे सुख. चौथे अनवज्जसुख, म्हणजे काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठीच्या प्रवचनांची सुरुवातच या संवादाने केली आहे. त्याच ग्रंथात पुढे तथागतांना दारिद्र्य नापसंत होते, यावर वेगळे प्रकरण आहे. गरिबीला पवित्र मानणारा धर्म बाबासाहेबांना नको होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या निवडीचे नवल वाटणार नाही.

कर्ज नसणे हे सुख आहे आणि ते निर्दोष असण्याच्या शेजारी बसवले आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला ही साधी गोष्ट वाटेल. इथे ती साधी नाही.

अंगुत्तर निकायातच इण सुत्त आहे. इण म्हणजे ऋण. तथागत भिक्खूंना पायरीपायरीने विचारतात. संसारी माणसाला दारिद्र्य दुःख आहे ना? दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख ना? कर्जावर व्याज येते. मग तगादा येतो. मग धनको मागे लागतो. शेवटी कर्जदाराला बांधून घातले जाते. प्रत्येक पायरीला भिक्खू होकार देतात. पुढे तथागत शीलाच्या दारिद्र्यासाठी ही उपमा वापरतात, पण उपमा कशाची घेतली ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. जंगलातल्या तपस्व्याची नाही, देणेकऱ्यांनी घेरलेल्या शेतकऱ्याची-मजुराची ती आहे.

आमच्या भागात ही शिडी जूनमध्ये सुरू होते. कापूस आणि सोयाबीनचे बियाणे, खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलले जाते. जुने पीककर्ज थकलेले असेल तर बँक नवे देत नाही. मग बचत गटातून, मग मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता लावून आणि शेवटी गावातल्या सावकाराकडून पैसा येतो. पऱ्हाटीला बोंडे फुटून कापूस घरात येईपर्यंत दिवाळी उजाडते. तो कापूस ज्याचे देणे आहे त्याच्या डोळ्यासमोरच विकला जातो. ज्यांना शेतीच नाही, निंदण आणि वेचणीवर घर चालते, त्यांचे कर्ज दवाखान्यापायी आणि लग्नापायी असते. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाण्यासोबत वर्धाही होता. जिल्ह्याची ओळख सेवाग्राम-पवनारची आहे तशी ही पण आहे.

आमच्या एक लक्षात आले. वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो. शेतात पैसा जाण्याचे आणि घरात काहीच न येण्याचे महिने नेमके हेच. विहारात ग्रंथवाचन चालते तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येक घराचे देणे वाढत असते. तेव्हा वर्षावासात वाचायचे तर हेच सुत्त वाचावे, असे आम्ही ठरवले.

वही

दोन वर्षांपूर्वीच्या वर्षावासात आम्ही व्यग्घपज्ज सुत्त घेतले. कोलिय कुळातला दीघजाणु तथागतांना म्हणतो की, आम्ही बायकामुलांत राहणारी, संसार करणारी माणसे आहोत, आमच्या कामाचे काही सांगा. तथागत चार गोष्टी सांगतात. आपल्या धंद्यात कुशल आणि मेहनती असणे ही उट्ठानसंपदा. मिळवलेले राखणे ही आरक्खसंपदा. चांगल्या माणसांची संगत ही कल्याणमित्तता. आणि आवक-जावक बघून जगणे ही समजीविता. मिळकत कमी आणि खर्च मोठा असणाऱ्याला ते उंबर खाणाऱ्याची उपमा देतात. चार उंबरे खायची असतात, पण माणूस सगळे झाड हलवतो आणि खाली सडा पडतो. उलट मिळकत असून उपाशी राहणारा चिकटही त्यांना मान्य नाही. तलावाला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा असतात. जाण्याच्या वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत.

वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, "आपल्या तलावाच्या वाटा मोजून पाहायच्या का?" त्यातून वही निघाली. ज्या घरांना पटले त्यांनी तीन महिने रोजचा खर्च लिहायचा आणि पौर्णिमेला फक्त आपल्यापुरता पाहायचा. कोणी कोणाची वही मागायची नाही, ही अट पहिल्याच दिवशी घातली. ती घातली नसती तर एकही वही भरली नसती.

वह्यांतून काय निघाले ते ढोबळ सांगता येते. सर्वांत जास्त लोकांना धक्का दारूने नाही, खर्ऱ्याने दिला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले मिश्रण. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा सर्रास घोटला जातो. समजा एक खर्रा तीस रुपयांचा आणि दिवसाला तीन. नव्वद रुपये रोज म्हणजे वर्षाला ३२,८५० रुपये. एका तरुणाने हा गुणाकार मोबाईलवर तीनदा केला. पाचव्या शीलात खर्रा येतो का, यावर मग वाद झाला. शब्दाने पाहिले तर तिथे सुरा आणि मेरय म्हणजे मद्यच आहे. पण त्या शीलात पमादट्ठान असा शब्द आहे. प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण, म्हणून ते टाळायचे. कारण हे असेल, तर मोबाईलवरची पैशांची रमी आणि क्रिकेटवरचा सट्टा त्याच ठिकाणी बसतात, असे आमचे मत आहे. खर्ऱ्याने बुद्धी जात नाही, तोंडाचा कॅन्सर होतो. तो कुठे बसवायचा यावर एकमत झाले नाही. विहाराच्या आवारात मात्र तो बंद झाला.

दुसरी मोठी रक्कम लग्नांची होती आणि तिथे आम्ही कार्यकर्ते निरुत्तर झालो. बौद्ध पद्धतीने लग्न म्हणजे हार, वंदना आणि प्रतिज्ञा. ते कमी खर्चात होते म्हणून आपण अभिमानाने सांगतो. मंगलविधी अर्ध्या तासात आटोपतो हे खरे, पण त्याभोवती मंडप, डीजे, आहेर आणि हजार माणसांचे जेवण आहे तसेच राहिले आहे. चौदा एप्रिलच्या वर्गणीचेही थोडेफार तेच. ज्या घरात हप्ता थकला आहे त्या घराकडून डीजेसाठी पाचशे रुपये घेताना आमच्यातल्या कोणालाही समजीविता आठवली नव्हती.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्याला आणि चौथा अडचणीसाठी राखायला. हे सुत्त आपल्याकडच्या पुस्तिकांत बचतीचा मंत्र म्हणून छापतात. पण सिगाल हा राजगृहातला खात्यापित्या घरचा मुलगा होता. किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या बाईला चौथा भाग बाजूला काढ म्हणणे हा धम्म नाही, ती थट्टा आहे. तिच्या मिळकतीचे चारही भाग पहिल्याच भागात संपतात. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात दाखवले होते की रोग नुसता जमिनीच्या तुकड्यांत नाही, शेतीवर फार माणसे लादली गेली आहेत यात आहे. वही ठेवून हा रोग जात नाही. वहीने एवढेच होते की, कर्जातले आपल्या हातातले किती आणि हाताबाहेरचे किती, हे माणसाला वेगळे दिसते. हाताबाहेरच्यासाठी मोर्चा, निवेदन आणि कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन चौकशीनंतर परत मिळू शकते. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची असते. हे विहारातल्या फलकावर लिहिलेले आम्ही अजून कुठे पाहिले नाही. आता आमच्याकडे लिहिले आहे.

सडवा फोडला त्या दिवशी

दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू कशी मिळते, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नदी ओलांडली की यवतमाळ किंवा अमरावती, पूर्वेला नागपूर. तिकडून बाटली येते. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा ती बाजूही मोकळी झाली. गावात मोहाची हातभट्टी असतेच. पोलीस येतात, मोहाचा सडवा ओततात, फोटो निघतो, आठ दिवसांनी पुन्हा पिंप भरते.

आमच्या वस्तीत एक बाई गाळायची. नवरा पिणारा, दोन मुले शाळेत. तीन वर्षांपूर्वी महिला मंडळ आणि आम्ही तरुण मुले मिळून तिच्या घरी गेलो आणि पिंपे उलटी केली. सगळा सडवा नालीत गेला. आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. ती दारात बसून होती, काही बोलली नाही. आम्हाला त्या दिवशी फार मोठे काम केल्यासारखे वाटले.

महिन्याभराने तिची मोठी मुलगी शाळा सोडून वेचणीला जाऊ लागली. दारू दुसऱ्या घरात गाळली जाऊ लागली. नवरा पूर्वी घरात पडून असायचा, आता दूरच्या गावी पिऊन रस्त्यात पडू लागला.

त्यानंतरच्या वर्षावासात कुणीतरी कूटदन्त सुत्त वाचायला काढले. राजाच्या राज्यात चोऱ्या-लुटी वाढलेल्या असतात आणि राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित सांगतो की फाशी, कैद, दंड, हद्दपारी यांनी हे थांबणार नाही. जे उरतील ते पुन्हा तेच करतील. त्यापेक्षा जे शेती करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राजाच्या सेवेत आहेत त्यांना पुरेसे वेतन द्या. वाचणाऱ्याचा आवाज मध्येच थांबला. वाचणारा पिंपे उलटी करणाऱ्यांत होता.

तथागतांनी उपासकासाठी जे पाच व्यापार निषिद्ध सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे. त्यात सूट नाही आणि आम्ही ती मागत नाही. पण सम्यक आजीव सांगणाऱ्याने आजीव कुठून येणार हेही सांगायला हवे. आम्ही शील घेऊन गेलो होतो, भांडवल घेऊन गेलो नव्हतो. पोलीस जे करतात तेच आम्ही निळा झेंडा घेऊन केले.

पुढे बचत गटातून तिला थोडी रक्कम मिळाली. तिने आठवडी बाजारात भाजीचे दुकान लावले. पहिल्या पावसाळ्यात ते बुडाले. दुसऱ्यांदा तिच्या भावाने हात दिला तेव्हा टिकले. मुलगी शाळेत परतली नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण गाळले तर बाकीचे खोटे होईल.

नवऱ्याचे वेगळे. त्याला विहारात आणून शपथ द्यावी, असे एकदा ठरत होते. वस्तीतल्या एका नर्सने ते थांबवले. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येऊ शकतात, कधी जीवही जातो. हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नसते आणि शपथ दिल्यावर माणूस भ्रमिष्टासारखा वागला की अंगात आले म्हणून दुसरीकडेच नेले जाते. सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहे. तिथे सोबत जाणे, रांगेत बसणे, घरी परतल्यावर संध्याकाळच्या वेळी त्याच्याजवळ कोणीतरी असणे, हे सगळे कल्याणमित्ततेत येते. सिगालोवाद सुत्तात पिण्यापुरता मित्र असणाऱ्याची वेगळी नोंद आहे. तो गेला की ती जागा कोणीतरी भरावी लागते, नाहीतर तो परत येतो. हा माणूस दोनदा परत घसरला. आज पीत नाही. उद्याचे आम्ही सांगत नाही.

विष

निषिद्ध पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी अथवा माणसे, मांस, मद्य आणि विष येतात. विष म्हटले की पूर्वी आमच्या डोळ्यासमोर काही येत नसे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या शब्दाला आकार आला. फवारणारे बहुतेक रोजंदारीवरचे होते. पहिले शील म्हणजे मुंगी मारायची की नाही, असा वाद घालणाऱ्यांनी मजुराला हातमोजे, तोंडाला फडके आणि पाठीमागून वारा असेल तेव्हाच फवारणी, एवढे तरी बघावे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये स्पष्ट आहेत. ताकदीप्रमाणे काम देणे, जेवण आणि मजुरी देणे, आजारपणात काळजी घेणे, घरात काही गोडधोड केले तर वाटून देणे आणि वेळेवर सुट्टी देणे. गुढीपाडव्याला ठरणाऱ्या सालगड्याच्या करारात यातले किती असते ते ज्याने त्याने पाहावे. आपल्यातलेही काही जण आता चार एकरांचे मालक आहेत आणि वेचलेला कापूस तोलताना काटा कोणाच्या बाजूने झुकतो, हे वेचणाऱ्या बाईला नेहमी माहीत असते. दुसऱ्या शीलाबद्दल एवढे पुरे.

विषाची आणखी एक बाजू आहे. ती लिहायला जड जाते, पण या जिल्ह्यात ती टाळता येत नाही. श्रीलंकेत, बौद्धांच्या देशात, एकेकाळी आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त देशांत मोजले जाई आणि त्यात शेतीतल्या विषांचा वाटा मोठा होता. तिथल्या सरकारने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. माणसांची दुःखे त्या दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. वाईट क्षणी हाताशी विष नव्हते, म्हणून तो क्षण टळला आणि पुष्कळ माणसे पुढे जगली. आपल्याकडे फवारणीचे डबे पलंगाखाली, स्वयंपाकघराच्या फळीवर असतात. आमच्या गावात काही घरांनी ते आता कुलुपाच्या पेटीत, शेतातल्या खोलीवर ठेवायला सुरुवात केली आहे. किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असते. पहिल्या शीलाचे इतके साधे पालन आम्हाला दुसरे सुचलेले नाही. कोणी गप्प गप्प राहू लागले, देण्याघेण्याची निरवानिरव करू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच्याशी सरळ बोलावे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

विनयपिटकात भिक्खूंसाठी मनुष्यहत्येचा जो नियम आहे, त्यात दुसऱ्याला मरणाकडे ढकलणारे बोलणेही येते. तगाद्याला येऊन चारचौघांत "मरत का नाहीस" म्हणणाऱ्याने हे ऐकलेले नसते. आपण ऐकले आहे.

बोलणे

चौथ्या शीलावर आम्ही थोडेच लिहितो, कारण त्यात आम्हीच सर्वांत कच्चे आहोत. एका गावात दोन गट, दोन जयंत्या, दोन विहारे आणि मोबाईलवर एकमेकांची उणीदुणी हे आपल्या चळवळीचे रोजचे चित्र आहे. अभयराजकुमार सुत्तात तथागतांच्या बोलण्याचे माप आहे. खरे आणि हिताचे असेल ते, ऐकणाऱ्याला कडू लागले तरी, योग्य वेळ पाहून ते बोलतात. खोटे किंवा अहिताचे असेल तर गोड लागले तरी बोलत नाहीत. म्हणजे कडू बोलायला मनाई नाही, त्यामुळे कार्यकर्त्याने गप्प बसावे असा याचा अर्थ होत नाही. वेळ आणि हित तपासावे. संदेश पुढे पाठवण्याआधी एवढे तपासले, तर आमच्या समूहातले अर्धे संदेश पाठवलेच जाणार नाहीत. आमच्या काही जणांना ते नुकसान वाटते.

वाचायचे तर

सुत्ते मुळातून वाचायला हवीत, सारांशावर भागवू नये. बाबासाहेबांचा ग्रंथ मराठीत घरोघरी आहे, तो उघडून गृहस्थांची प्रवचने आधी वाचावीत. धर्मानंद कोसंबींचे 'भगवान बुद्ध' मराठीत आहे आणि सुत्तांचा परिचय करून घ्यायला सोपे आहे. कोसंबींनी १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला देह ठेवला, हे जिल्ह्यातल्या फार थोड्या बौद्धांना माहीत असते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनीही वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीत बरीच वर्षे काम केले. जातककथा आणि बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातल्या बौद्ध अध्ययन केंद्राला त्यांचे नाव आहे. गोपुरीचा विश्वशांती स्तूप पाहायला जाणाऱ्यांनी वेळ काढून तिकडेही जावे.

यंदाच्या वर्षावासात आम्ही इण सुत्त आणि कूटदन्त सुत्त पुन्हा घेणार आहोत. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, वेचणीचे दिवस सुरू झाले की आठ वाजता. वही आणि पेन आपले आणावे. भाजीवाल्या बाईने पहिल्या रविवारी चहाचे दूध आपल्याकडून सांगितले आहे.